बायू म्हणजे दलदल नव्हे

तीन वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी अमेरिकेतल्या पुरांवरचा एक लेख मी मराठीत आणला. त्यात ‘बायू’ हा शब्द अकरा वेळा आला होता. कोशात ‘दलदलीचा भाग’ असं काहीसं सापडलं आणि मी अकराही ठिकाणी ‘दलदल’ लिहिलं. अंक निघाला, लोकांनी वाचला, कुणी काही बोललं नाही. मग ह्यूस्टनहून भाच्याचा फोन आला. लेख आवडल्याचं सांगून झाल्यावर म्हणाला, “पण मावशी, आमच्या घरामागे दलदल नाहीये गं. बायू आहे. तो वाहतो.”

ते वाक्य मनातून जाईना. माझं माहेर राजापूर तालुक्यातलं, खाडीकाठचं. खाडी, वहाळ, पऱ्या, खाजण यांतला फरक आम्हाला शाळेत जायच्या आधीपासून कळतो. कुणी आमच्या खाडीला डबकं म्हटलं असतं तर मला राग आला असता. तेच मी दुसऱ्यांच्या पाण्याचं केलं होतं. यंदा मार्चमध्ये भाच्याकडे जायचा योग आला तेव्हा त्याला आधीच सांगून ठेवलं, की मला नायगारा नको, डिस्ने नको. मला बायू बघायचेत. त्यानं सहा दिवसांची सुट्टी टाकली आणि आम्ही दोघं निघालो.

पहिला दिवस : ह्यूस्टन

पहिला बायू घराच्या मागच्या फाटकातून दिसला. ब्रेज बायू. खरं सांगायचं तर जीव हिरमुसला. काँक्रीटचा उतरता काठ, मधे हातभर पाण्याची धार, आणि त्या धारेत एका पायावर उभा असलेला पांढरा बगळा. काठाकाठानं लोक कुत्री फिरवत होते. भाच्यानं शेजारच्या घराच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीला हात लावून दाखवला. ऑगस्ट 2017 मध्ये हार्वी वादळात पाणी इथपर्यंत आलं होतं. त्या चार-पाच दिवसांत शहराच्या परिसरात काही ठिकाणी 1 मीटरहून जास्त पाऊस पडला. “इथे कुणी पूर आला म्हणत नाही,” भाचा म्हणाला. “बायू चढला म्हणतात.” आमच्याकडे ‘खाडी भरली’ म्हणतात, ते मला आठवलं.

ह्यूस्टनचं टोपणनावच ‘बायू सिटी’. दुपारी आम्ही शहराच्या मध्यभागी गेलो, जिथे व्हाइट ओक बायू आणि बफेलो बायू मिळतात. 1836 मध्ये ॲलन नावाच्या दोन भावांनी याच संगमावर जमीन घेऊन शहर वसवलं. पुढे बफेलो बायूचा खालचा भाग खोल करून 1914 मध्ये मोठ्या जहाजांसाठी खुला झाला आणि समुद्रापासून इतक्या आत बंदर उभं राहिलं. म्हणजे ज्याला मी दलदल म्हटलं, त्यावर तेलवाहू जहाजं चालतात.

संध्याकाळी वॉ ड्राइव्हच्या पुलाखाली उभे राहिलो. या पुलाच्या सांध्यांमध्ये अडीच लाखांच्या आसपास वटवाघळं राहतात. आधी वास आला, तिखट, गोठ्यासारखा. मग किचकिच सुरू झाली. सूर्य खाली गेला आणि पुलाच्या पोटातून धुराचा लोट निघावा तशी ती निघाली आणि पाण्यावरून वळण घेत झाडांमागे गेली. माझ्या शेजारी उभी असलेली एक छोटी मुलगी एकेक मोजायचा प्रयत्न करत होती. चाळीसपर्यंत पोचली आणि थांबली.

जाणाऱ्यांसाठी : वटवाघळं बघायला सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोचा. थंडी किंवा पाऊस असेल तर ती बाहेर पडतीलच असं नाही. पुलाच्या अगदी खाली उभं राहू नका.

दुसरा दिवस : लफायेत

ह्यूस्टन ते लफायेत साडेतीनशे किलोमीटर, सरळ रस्ता. लुइझियानाची हद्द ओलांडली की पेट्रोल पंपांवर ‘बूदँ’च्या पाट्या दिसू लागतात. हे डुकराचं मांस, काळीज आणि भात भरलेलं सॉसेज. पंपाच्या काउंटरवर वाफाळतं मिळतं आणि लोक गाडीच्या बॉनेटवर टेकून खातात. वरचं आवरण टाकून आतला भात दाबून तोंडात घ्यायचा. भाच्यानं दोन खाल्ली. मी मासे खाते, मांस नाही, म्हणून थर्मासमधला चहा आणि पाडव्याच्या उरलेल्या पुऱ्यांवर भागवलं.

लफायेतमध्ये रस्त्यांच्या काही पाट्यांवर इंग्रजीसोबत फ्रेंच नाव आहे. इथल्या केजन लोकांचे पूर्वज कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या अकादी प्रदेशातले. 1755 पासून इंग्रजांनी त्यांना घराबाहेर काढलं, जहाजांत भरून विखरून टाकलं, आणि त्यातले बरेचजण वर्षानुवर्षं भटकत शेवटी इथल्या पाण्यात येऊन स्थिरावले. ‘अकादियें’चं बोली रूप ‘कादियें’, आणि त्यावरून इंग्रजीत ‘केजन’.

मला ज्या शब्दाचा माग काढायचा होता तो त्यांच्याही आधीचा आहे. दुपार व्हर्मिलियनविलमध्ये गेली. बायू व्हर्मिलियनच्या काठी जुन्या घरांचं हे खुलं संग्रहालय आहे. तिथे सूत कातत बसलेल्या एका बाईंनी मला थेट विचारलं, “बायू फ्रेंच शब्द आहे असं वाटतं का तुम्हाला?” मी मान हलवली. “सगळ्यांनाच वाटतं,” त्या म्हणाल्या.

कोशकारांनीही एकेकाळी तसंच मानलं होतं. फ्रेंचमध्ये ‘बोयो’ म्हणजे आतडं. बायू आतड्यासारखा वळणावळणाचा असतो, तेव्हा शब्द तिथूनच आला असेल. दिसायला चोख आणि चूक. मूळ शब्द चोक्टॉ या इथल्या मूळनिवासी जमातीच्या भाषेतला ‘बायुक’ आहे. अर्थ : लहान प्रवाह. 1699 मध्ये फ्रेंच दर्यावर्दी इबरविल मिसिसिपीतून वर आला तेव्हा त्याला भेटलेल्या जमातींपैकी एकीचं नाव होतं बायोगुला, म्हणजे ‘बायुक-ओक्ला’, बायूकाठचे लोक. ओक्ला म्हणजे लोक. ओक्लाहोमा राज्याच्या नावात तोच शब्द आहे. त्या काळी या किनाऱ्यावर वेगवेगळ्या जमाती आपापसांत चोक्टॉच्या जवळची एक व्यापारी बोली वापरत. फ्रेंचांनी ती उचलली, ‘क’ गाळला आणि ‘बायू’ केलं. पुढे इंग्रजीनं तो फ्रेंचांकडून घेतला. चोक्टॉंना मात्र 1830 च्या तहानंतर त्यांच्या मिसिसिपीतल्या भूमीवरून उठवून पश्चिमेला हाकललं. शब्द मागे राहिला.

मला लगेच आपला काजू आठवला. ब्राझीलच्या तुपी लोकांचा शब्द, पोर्तुगीजांच्या तोंडून कोकणात आला आणि इतका आपला झाला की काजूच्या बागेत बसून तो परका वाटत नाही. ज्यांनी तो पहिल्यांदा उच्चारला त्यांची आठवण मात्र कुणी काढत नाही.

फ्रेंचमधून इंग्रजीत गेलेला, दलदलीसाठी खरोखरच वापरला जाणारा एक शब्द वेगळा आहे : ‘मोरॅस’. फ्रेंच ‘मारे’ म्हणजे पाणथळ जागा. पॅरिसमधल्या एका जुन्या वस्तीचं नावही तेच आहे. त्यावरून डच ‘मूरास’ आणि त्यातून इंग्रजी ‘मोरॅस’. पण आज इंग्रजी वर्तमानपत्रात तो शब्द सापडतो तो कोर्टकचेऱ्यांच्या, कर्जाच्या, युद्धांच्या संदर्भात. जमिनीवरून उठून तो राजकारणात जाऊन बसला. आपल्या ‘दलदली’चं तेच झालं आहे, भ्रष्टाचाराची दलदल, व्यसनांची दलदल. म्हणूनच बायूला दलदल म्हणताना मी नुसता चुकीचा शब्द वापरला नव्हता, त्या पाण्यावर एक वाईट शेराही मारला होता.

तिसरा दिवस : लेक मार्टिन आणि ब्रो ब्रिज

सकाळी सातच्या बोटीचं आरक्षण होतं. साडेसहाला धक्क्यावर पोचलो तर फोनवर निरोप : आजची फेरी रद्द. कारण दिलं नाही, पैसे परत यायला नऊ दिवस लागले. तिथेच उभ्या असलेल्या दुसऱ्या एका म्हाताऱ्या बोटवाल्यानं आमची तोंडं पाहिली आणि म्हणाला, “माझ्या होडीत दोन जागा आहेत. पण मी हळू जातो.” ही या प्रवासातली सगळ्यात भाग्याची गोष्ट ठरली.

होडी सपाट तळाची, ॲल्युमिनियमची. पाणी चहाच्या रंगाचं. त्यातून सायप्रसची झाडं सरळ वर गेलेली, बुंधे खाली घागरीसारखे फुगलेले, आणि बुंध्यांभोवती पाण्याबाहेर डोकावणारे लाकडी सुळके. त्यांना इथे ‘गुडघे’ म्हणतात. एका सुळक्याला मी हात लावला. वरून गुळगुळीत, थंड, आणि टोकाला कुणी सतत टेकून झिजवल्यासारखा लालसर. फांद्यांवरून राखाडी जटा लोंबत होत्या. त्याला स्पॅनिश मॉस म्हणतात, पण ते शेवाळ नव्हे आणि स्पेनचंही नव्हे. ते अननसाच्या कुळातलं आहे. पूर्वी ते वाळवून गाद्यांत भरत.

म्हाताऱ्यानं इंजिन बंद केलं. मी माझा प्रश्न विचारला : हा बायू का?

“नाही, नाही. ही सिप्रिएर. सायप्रसचं पाण्यातलं रान.” मग तो बोलतच राहिला, आणि मी वही काढली. झाडं असलेलं पाणी वेगळं. नुसतं गवत असलेलं वेगळं, आणि त्यातही जिथे गवताचा थर पाण्यावर तरंगतो, पाय ठेवला की सगळी जमीन हलते, ते ‘प्रेरी त्रांब्लांत’, थरथरती कुरणं. पावसाळी ओघळ म्हणजे ‘कुले’. पाणथळीत उठलेला ओक वृक्षांचा उंचवटा म्हणजे ‘शेनिएर’. नदी आणि बांध यांच्या मधली, पुरात बुडणारी पट्टी म्हणजे ‘बात्युर’. “आणि बायू तो, जो कुठेतरी जातो,” तो म्हणाला. “हळू जातो. कधी वारा किंवा भरती असली तर उलटाही जातो. पण जातो.”

मी त्याला आमचे शब्द सांगितले. खाजण, तिवरं, रेंदा, चिबड, पाणथळ. ‘खाजण’ त्याला आवडला. दोन-तीनदा म्हणून पाहिला.

तेवढ्यात दहा हातांवर पाण्यात दोन गाठी दिसल्या. डोळे. त्यांच्यापुढे वीतभर अंतरावर नाकपुड्या. बाकीची मगर पाण्याखाली. “कोकोद्री,” तो पुटपुटला. मगरीला इथल्या फ्रेंचमध्ये म्हणायचा शब्द, स्पॅनिशमधून आलेला. रॅकूनला ‘शावी’ आणि चिखलातल्या एका माशाला ‘शूपिक’, हे दोन्ही चोक्टॉ शब्द. फ्रान्सचा माणूस आला तर त्याला यातलं काही कळत नाही, असं सांगताना त्याचा चेहरा उजळला.

मग आपणहून म्हणाला, की शाळेत जाईपर्यंत त्याला इंग्रजी येत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात लघवीला जायचं फ्रेंचमध्ये विचारलं म्हणून शिक्षा झाली. फळ्यावर ‘मी शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणार नाही’ असं पुन्हा पुन्हा लिहायचं. ही एकट्याची गोष्ट नाही. 1921 च्या राज्यघटनेनं शाळांमधून इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेला जागा ठेवली नाही, आणि एका पिढीनं आपल्या मुलांशी फ्रेंच बोलणंच सोडलं. 1968 मध्ये राज्यानं फ्रेंच जपायला मंडळ स्थापन केलं, शाळांत फ्रेंच परत आणलं. “माझ्या मुलाला कळतं, बोलता येत नाही,” तो म्हणाला. “नातीला शाळेत शिकवतात. ती माझ्याशी बोलते, पण पॅरिसचं बोलते.” एवढं सांगून त्यानं इंजिन सुरू केलं.

परतताना पाण्याचा एक कोपरा पूर्ण हिरवा झाकलेला दिसला. जलपर्णी! पुण्यात मुळा-मुठेवर पाहते तीच, तसेच फुगीर देठ, तशीच जांभळी फुलं. मूळची दक्षिण अमेरिकेतली. इथे ती 1884 च्या न्यू ऑर्लिन्सच्या प्रदर्शनातून पसरली असं सांगतात. तिनं जलमार्ग इतके तुंबवले की 1910 मध्ये लुइझियानाच्या एका खासदारानं आफ्रिकेतून पाणघोडे आणून बायूंत सोडायचं विधेयक अमेरिकी संसदेत मांडलं होतं. पाणघोडे जलपर्णी खातील आणि लोक पाणघोडे खातील असा हिशोब होता. विधेयक मंजूर झालं नाही.

दुपारचं जेवण ब्रो ब्रिजमध्ये. 1959 मध्ये राज्याच्या विधिमंडळानं या गावाला ‘जगाची क्रॉफिश राजधानी’ म्हणून जाहीर केलं. क्रॉफिश म्हणजे गोड्या पाण्यातलं बोटभर लांबीचं, लाल, नांग्यांचं. कोळंबी म्हणावं तर नांग्या आहेत, खेकडा म्हणावं तर शेपूट आहे. मोठ्या ताटात ढीग, सोबत उकडलेला मका आणि बटाटे, वर लाल तिखटाचा मसाला. शेजारच्या टेबलावरच्या आजींनी उठून येऊन मला शिकवलं : डोकं आणि शेपूट विरुद्ध दिशांना पिळायचं, डोक्यातला रस ओढून घ्यायचा, मग शेपटीची पहिली कडी काढून मांस दाताखाली धरून ओढायचं. ओठ चुरचुरले, डोळ्यांतून पाणी आलं. गोडसर, खेकड्यासारखीच चव. भातशेतीतच यांची पैदास करतात. भात कापला की शेतात पाणी भरायचं आणि हिवाळ्यापासून वसंतापर्यंत पिंजऱ्यांनी क्रॉफिश काढायचे. आमच्याकडे पहिल्या पावसात रात्री कंदील घेऊन शेतातल्या कुर्ल्या धरायला जायचे, ते सगळं त्या आजींना सांगितलं. त्यांनी विचारलं, “मसाला काय घालता?”

जाणाऱ्यांसाठी : मार्च ते मे हा क्रॉफिशचा चांगला हंगाम, आणि लेक मार्टिनवर बगळे व गुलाबी चमचे या पक्ष्यांच्या घरट्यांचाही. लहान होडीच निवडा. मोठ्या आवाजाच्या पंख्याच्या बोटींतून पक्षी दिसत नाहीत. मगरींच्या विणीमुळे जूनपासून बांधावरची पायवाट काही महिने बंद असते, चौकशी करून जा. शाकाहारी असाल तर प्रत्येक गोष्ट विचारून घ्या. इथल्या राजम्यात आणि भातातही बहुधा मांस असतं. गंबो (इथला दाट रस्सा) हा शब्द आफ्रिकेतल्या भेंडीच्या नावावरून आला आहे, पण नुसत्या भेंडीचा गंबो क्वचितच मिळतो.

चौथा दिवस : बायू तेश

सेंट मार्टिनविल हे लहान, झोपाळू, सुंदर गाव. बायू तेशच्या काठी प्रचंड ओक, आणि शेजारी अकादी लोकांचं स्मारक. तिथल्या भिंतीवर इथे आलेल्या निर्वासितांची जवळपास तीन हजार नावं कोरली आहेत. एक मध्यमवयीन गृहस्थ बोट फिरवत आपलं आडनाव शोधत होते. सापडल्यावर त्यांनी बायकोला हाक मारली नाही, तसेच बोट ठेवून उभे राहिले.

या दिवशी माझ्या डोक्यातला शेवटचा गोंधळ सुटला, आणि तो सोडवला उसाच्या शेतानं. तेशच्या दोन्ही अंगांना ऊस आहे, नुकताच गुडघ्याएवढा झालेला. कोल्हापूरच्या वाटेवर असल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं, की ऊस दलदलीत येत नाही. जमीन चिबडली की ऊस मेला, हे आपल्याकडे कुणीही शेतकरी सांगेल. मग दलदलीच्या मुलखात, पाण्याच्या अगदी काठाला ऊस कसा?

उत्तर नदीच्या स्वभावात आहे. तेश हा काही हजार वर्षांपूर्वी मिसिसिपीचा मुख्य प्रवाह होता. नदी पुरात काठाबाहेर पडते तेव्हा पाण्याचा वेग एकदम मंदावतो आणि जड गाळ, रेती काठाशीच पडते. बारीक चिखल तेवढा लांब जातो. असं शतकानुशतकं झालं की काठ उंच होतो आणि काठापासून जसं लांब जावं तशी जमीन खाली जाते. आपल्याला सवय उलट्याची. नदीकडे जायचं म्हणजे उतरायचं. इथे बायूकडे जायचं म्हणजे चढायचं. घरं, देऊळ, रस्ता, शेती सगळं बायूला चिकटून, आणि दलदल मागे.

म्हणून फ्रेंचांनी जमिनीही तशाच वाटल्या. बायूवर अरुंद तोंड आणि मागे लांबच लांब पट्टी, साधारण चाळीस आरपां. एक आरपां म्हणजे 58 मीटर. प्रत्येकाला थोडा पाण्याचा रस्ता, थोडी उंच जमीन, थोडी मागची सिप्रिएर. रस्ता कुठेही न जाणारा असेल तर घर कुणी त्यावर बांधणार नाही. बायू हा त्यांचा राजमार्ग होता. अजूनही पत्ता सांगताना इथले लोक उत्तर-दक्षिण म्हणत नाहीत. बायूच्या वरच्या अंगाला, बायूच्या खालच्या अंगाला असं सांगतात.

रात्री आईला फोन केला. तिला हे सांगितलं. तिनं विचारलं, “म्हणजे वरची वाडी नि खालची वाडी?” होय आई, अगदी तसंच.

तेशच्या खालच्या अंगाला शॅरेंटन इथे चिटिमाचा या मूळनिवासी लोकांची वस्ती आहे. त्यांचं छोटं संग्रहालय जरूर बघा. नदीकाठच्या वेताच्या, लाल-काळ्या-पिवळ्या रंगांच्या दुहेरी विणीच्या टोपल्या आहेत, त्यात पाणी ठरावं इतकी घट्ट वीण. तेशची त्यांची कथा अशी : एक महाकाय सर्प होता, चिटिमाचा योद्ध्यांनी कित्येक वर्षं लढून तो मारला. मरताना त्यानं जिथे जिथे अंग वळवलं तिथे जमीन खोल गेली आणि पाणी भरलं. नकाशावर तेश पाहिला की कथा कुठून आली ते कळतं.

पाचवा दिवस : जिथे रस्ता संपतो

सकाळी थिबडोवरून हूमा आणि तिथून दक्षिणेला. मधे बायू लाफूर्श लागतो. ‘ला फूर्श’ म्हणजे फाटा. मिसिसिपीचा हा फाटा 1900 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत डोनाल्डसनविलपाशी बांध घालून तोडला, पुराच्या भीतीनं. काठावरचं गाव तेव्हापासून वाचलं, पण खालच्या जमिनीला मिळणारा गाळही थांबला. 1927 च्या महापुरानंतर सगळ्या मिसिसिपीलाच उंच बांधांत कोंडलं. त्यात तेल कंपन्यांनी पाणथळीतून कालवे खोदले, त्या वाटेनं खारं पाणी आत शिरलं, गवत मेलं, आणि गवताची मुळं गेली की चिखल धरून ठेवायला काही उरत नाही. 1930 च्या दशकापासून लुइझियानानं सुमारे 5,000 चौरस किलोमीटर किनारा गमावला.

आकडे वाचून ठेवले होते. आइल द जाँ शार्लच्या रस्त्यावर गाडी घातली तेव्हा ते दिसले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी, रस्त्याच्या कडेला लागलेलं. त्या पाण्यात वाळलेल्या झाडांचे पांढरे सांगाडे उभे. ही झाडं जमिनीवर वाढली होती. 1955 पासून या बेटाची 98 टक्के जमीन गेली. बिलॉक्सी, चिटिमाचा, चोक्टॉ वंशाचे लोक इथे दीडेकशे वर्षं राहत होते, फ्रेंच बोलत होते. 2021 च्या आयडा वादळानं उरलीसुरली घरंही मोडली, आणि 2022 मध्ये बऱ्याच कुटुंबांना सरकारी पैशातून 65 किलोमीटर उत्तरेला नव्या वस्तीत हलवलं.

उंच खांबांवरच्या एका घराखाली एक बाई खेकड्यांचे पिंजरे दुरुस्त करत होत्या. नवं घर वर मिळालं आहे, पण रोज येतात. नवं घर कसं आहे, मी विचारलं. “पक्कं आहे. कोरडं आहे.” मग हातातली तार पिळत म्हणाल्या, “तिथे बायू नाही.”

किनाऱ्याच्या पूर्वेकडच्या प्लाकमिन्स भागात तर सागरी नकाशे बनवणाऱ्या सरकारी खात्यानं तीसच्या वर नावं नकाशावरून काढून टाकली. येलो कॉटन बे नावाची एक खाडी होती. तिच्या चहूबाजूंची जमीन गेली, सगळा समुद्र झाला, मग खाडी म्हणायचं कशाला? नाव लिहायला जागाच नाही.

परत येताना आम्ही दोघं बराच वेळ बोललो नाही. माझ्या डोळ्यांसमोर आमचं खाजण येत होतं, फुटलेला बांध आणि आत शिरलेली तिवरं.

जाणाऱ्यांसाठी : हा रस्ता वाऱ्याच्या आणि मोठ्या भरतीच्या दिवशी पाण्याखाली जातो. हवामान बघूनच निघा, पेट्रोल हूमातच भरा. लोकांच्या घरांचे फोटो न विचारता काढू नका. डास दुपारीही असतात.

सहावा दिवस : बायू सेंट जॉन, न्यू ऑर्लिन्स

शहरावर सगळेच लिहितात, मी फक्त एका पाण्याबद्दल लिहिते. न्यू ऑर्लिन्स 1718 मध्ये जिथे वसलं तिथेच का वसलं, याचं उत्तर बायू सेंट जॉन आहे. समुद्राकडून मिसिसिपीच्या मुखातून वर येणं शिडाच्या जहाजांना जिवावरचं काम होतं. स्थानिक लोकांनी फ्रेंचांना आडवाट दाखवली : मागच्या मोठ्या सरोवरातून या बायूत शिरायचं, टोकाला उतरायचं आणि उंचवट्यावरून थोडं अंतर सामान वाहून नदी गाठायची. त्या पायवाटेच्या शेवटाला शहर उभं राहिलं. फ्रेंचांनी संत जॉनचं नाव देण्याआधी या बायूला बायुक शूपिक म्हणत.

संध्याकाळी आम्ही काठाच्या गवतावर बसलो होतो. लोक होड्या वल्हवत होते, कुणी ट्रम्पेटचा रियाज करत होतं. भाचा परतीच्या रस्त्याचा हिशोब करत होता, अचाफलायाच्या पाणथळीवरचा 29 किलोमीटरचा पूल अंधाराआधी गाठायचा तर उद्या किती वाजता निघायचं. मी वही उघडून त्या जुन्या लेखातली अकरा वाक्यं पुन्हा लिहायला घेतली. प्रत्येक ठिकाणी ‘बायू’ लिहिलं, आणि पहिल्या ठिकाणी पुढे ‘संथ वाहणारा, वाटेसारखा वापरला जाणारा प्रवाह’ एवढं जोडलं.

शेजारी दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा गळ टाकून बसला होता. गळ ताणला, त्यानं उभं राहून ओढलं, आणि काठावर एक लांबट, काळपट हिरवा, दांडग्या डोक्याचा मासा आपटला. शेपटीपाशी काळा ठिपका.

“कुठला रे हा?” भाच्यानं विचारलं.

“शूपिक,” मुलगा म्हणाला. वाकून, दोन्ही हातांनी सावकाश गळ सोडवला आणि मासा परत पाण्यात सोडला.